बाबागाडीवाली बाई : ब्रे गावच्या जुन्या चित्रकार्डांचं एक प्रकरण

आमच्या शेजारच्या बाईंचं वय ८७. इकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना सरळ नावाने हाक मारते, पण मनात त्या आजीच आहेत, म्हणून इथेही आजीच म्हणते. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी मला चहाला बोलावलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक आल्बम ठेवला. जाड तपकिरी पानं, प्रत्येक पानात तिरक्या चिरा, आणि त्या चिरांत कोपरे खोचून बसवलेली चित्रकार्डं, म्हणजे एका बाजूला चित्र असलेली पोस्टकार्डं. मी मोजली : ४१. शेवटची तीन सोडली तर सगळी जुनी, बहुतेक ब्रे गावची आणि आसपासच्या विकलो डोंगराळ भागाची.

ब्रे म्हणजे आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, डब्लिनच्या दक्षिणेला साधारण २० किलोमीटरवर असलेलं समुद्रकाठचं गाव. मी इथे नऊ वर्षं राहते. माहेर रत्नागिरीचं, वडील पोस्टात होते. शिक्के, तिकिटं, जुनी पाकिटं यांचं वेड तिथूनच लागलं आणि इकडे आल्यावर ते चित्रकार्डांकडे वळलं. आजींना हे ठाऊक होतं, म्हणून बोलावणं.

मामला असा होता. आल्बमच्या तिसऱ्या पानावर एक रंगीत कार्ड होतं. समुद्राकाठचा लांबलचक फरसबंदी रस्ता, ज्याला इथे एस्प्लनेड म्हणतात. डावीकडे समुद्र, समोर ब्रे हेडचा डोंगर, आणि मधोमध लाल झगा घातलेली एक बाई बाबागाडी ढकलत येते आहे. घरात तीन पिढ्या सांगत आल्या होत्या की ही बाई म्हणजे आजींची आजी आणि बाबागाडीत आजींची आई. साल १९१०. आजींच्या भाच्याने ते कार्ड एका जुन्या कार्डांच्या विक्रेत्याला दाखवलं होतं. विक्रेत्याचं म्हणणं, आल्बम फोडा. रस्त्यांची, माणसांची, रेल्वेची कार्डं वेगळी विका, धबधबे आणि डोंगर गठ्ठ्याने द्या, आणि विकण्याआधी कार्डं जरा स्वच्छ करून घ्या. व्यापार म्हणून यात खोटं काही नाही. संग्राहक गर्दीच्या रस्त्याला जास्त मोजतात, डोंगराला कमी. भाच्याला घर आवरायचं होतं. आजींना मात्र एकच हवं होतं : ती बाई खरंच आपली आजी आहे, हे कुणीतरी जाणकाराने सांगावं, म्हणजे ते एक कार्ड ठेवून बाकीची द्यायला त्या मोकळ्या.

मी पंधरा दिवस मागून घेतले.

आधी गाव

या कार्डांत जे दिसतं ते रेल्वेने घडवलेलं आहे. १८५४ मध्ये आगगाडी ब्रेला पोचली आणि मासेमारीचं छोटं गाव डब्लिनकरांचं उन्हाळी ठिकाण झालं. रेल्वे बांधणारा विल्यम डार्गन नुसता रूळ टाकून थांबला नाही. त्याने इथे मूरिश धाटणीची टर्किश स्नानगृहं १८५९ मध्ये उभी केली, समुद्राकाठची जागा फिरण्यासाठी आखायला लावली. स्टेशनाजवळचं इंटरनॅशनल हॉटेल १८६२ चं. भक्कम समुद्रभिंत आणि आजचा एस्प्लनेड १८८० च्या दशकातला. इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या ब्रायटनवरून लोक ब्रेला आयर्लंडचं ब्रायटन म्हणू लागले.

पुढे दक्षिणेला ग्रेस्टोन्स गावाकडे जाणारा रूळ ब्रे हेडच्या कड्याला चिकटून नेला. त्याचा अभियंता इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल. समुद्र कडा खात राहिला आणि रूळ पुन्हा पुन्हा आत सरकवावा लागला. १८६७ मध्ये ब्रँडी होल नावाच्या घळीवरच्या लाकडी पुलावरून गाडी घसरली, माणसं मेली. कार्डांत यातलं काही नाही. कार्डांत फक्त कड्यावरून डौलात धावणारी गाडी आणि खाली निळंशार पाणी. विकायच्या चित्रात अपघात कोण घालेल?

आल्बममधली निम्म्याहून जास्त कार्डं गावाबाहेरची होती. डार्गल नदीची घळ आणि तिथला ‘लव्हर्स लीप’ नावाचा खडक, पॉवर्सकोर्टचा १२१ मीटरचा धबधबा, एनिस्केरी गाव आणि त्याचा घड्याळाचा मनोरा, शुगरलोफचा सुळका, ग्लेंडालॉखचा गोल बुरूज. ब्रेला उतरायचं आणि भाड्याची घोडागाडी करून यातलं एकेक ठिकाण बघून यायचं, अशी ती फिरण्याची वहिवाट होती. आल्बमचा क्रमही तोच : आधी एस्प्लनेड, मग डार्गल, मग धबधबा, मग लांबचं ग्लेंडालॉख. हे माझ्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं आणि फोडाफोडीबद्दल पहिली शंका तिथेच आली. ज्याने कुणी ही कार्डं लावली होती त्याच्या डोक्यात एक वाट होती.

एका कार्डाची तीन वयं

जुन्या चित्रकार्डाला एक वय नसतं, तीन असतात. फोटो कधी काढला, कार्ड कधी छापलं, आणि ते कुणी कधी लिहिलं. या तिन्हींत वीस-पंचवीस वर्षांचं अंतर सहज पडू शकतं. घरातल्या गोष्टी नेहमी फोटोला चिकटतात, कारण डोळ्यांना तोच दिसतो. मागची बाजू कुणी बघत नाही.

छपाईचं वय काढणं त्यातल्या त्यात सोपं. आयर्लंड तेव्हा ब्रिटिशांच्याच राज्यात होता. ब्रिटिश टपाल खात्याने खाजगी छपाईची कार्डं चालवून घ्यायला सप्टेंबर १८९४ मध्ये सुरुवात केली. तेव्हा एक बाजू फक्त पत्त्याला राखलेली असे, मजकूर चित्राच्या कडेला उरलेल्या जागेत कोंबायचा. जानेवारी १९०२ पासून पाठीवर मधोमध रेघ आली, उजवीकडे पत्ता, डावीकडे मजकूर. आल्बममधल्या ३८ जुन्या कार्डांपैकी ३६ च्या पाठीवर रेघ होती. म्हणजे ती १९०२ नंतरची. बऱ्याच कार्डांवर बारीक अक्षरांत ‘सॅक्सनीत छापलेलं’ अशी ओळ होती. सॅक्सनी जर्मनीत, आणि त्या काळी रंगीत छपाईत जर्मनांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ती वाट बंद झाली. तिकिटाच्या चौकोनात अर्धा पेनी छापलेलं होतं, आणि कार्डाचा दर जून १९१८ मध्ये एक पेनी झाला. (आपल्याकडे तेव्हा पोस्टकार्ड पाव आण्याला मिळायचं. अर्धा पेनी म्हणजे साधारण अर्धा आणा.) एका कार्डावर बंदराचं नाव ‘किंग्जटाउन’ होतं. ते गाव १९२० पासून डन लीअरी आहे.

तेव्हा ढोबळ मानाने ती ३६ कार्डं १९०२ ते १९१४ मध्ये छापलेली. शेवटची तीन चमकदार रंगांची, आकाराने मोठी. त्यातल्या एकात ब्रे हेडच्या माथ्यावर क्रूस दिसत होता आणि तो १९५० मध्ये उभारलेला. ती आजींनी स्वतः तरुणपणी घातली होती, त्यांना ते आठवतही होतं.

फोटोचं वय मात्र अवघड. बाबागाडीच्या कार्डावर ‘लॉरेन्स, डब्लिन’ असं प्रकाशकाचं नाव होतं. विल्यम लॉरेन्सचं दुकान डब्लिनच्या सॅकव्हिल स्ट्रीटवर, आज ज्याला ओकॉनेल स्ट्रीट म्हणतात तिथे होतं. त्याने देशभरची दृश्यं टिपायला माणसं पाठवली. त्यात मुख्य रॉबर्ट फ्रेंच. मोठा कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटा (त्या काळच्या निगेटिव्ह) घेऊन हा माणूस आयर्लंडभर फिरला. लॉरेन्स संग्रहात सुमारे ४०,००० काचा आहेत, त्यातल्या सुमारे ३०,००० त्याच्या समजल्या जातात. १९१६ मध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावात लॉरेन्सचं दुकान लुटलं गेलं, जळालं. माणसांच्या पोर्ट्रेटच्या प्लेटा गेल्या. बाहेरच्या दृश्यांच्या काचा रॅथमाइन्समध्ये ठेवलेल्या होत्या म्हणून वाचल्या. १९४३ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या विकत घेतल्या. आज त्या कुणालाही घरबसल्या पडद्यावर बघता येतात.

पण तिथे तारीख बघायला गेलं की बहुतेक नोंदींत ‘१८६५ ते १९१४ दरम्यान’ एवढंच असतं. जवळजवळ पन्नास वर्षं! आणि लॉरेन्सने जुन्या काचा वाया घालवल्या नाहीत. चित्रकार्डांची लाट आली तेव्हा आधीच काढून ठेवलेल्या दृश्यांवर रंग चढवून तीच बाजारात आणली. म्हणजे १९०८ मध्ये विकत घेतलेल्या कार्डात १८९० मधली माणसं फिरत असू शकतात.

बाई

मी त्या बाईकडे भिंगातून बराच वेळ बघत होते. भिंगाखाली छापील कार्डाचे ठिपके दिसतात, आणि रंग कुठे आकृतीच्या बाहेर सांडलाय तेही दिसतं. झग्याचा लाल रंग डाव्या बाजूने फरशीवर उतरला होता. हा रंग त्या बाईचा नव्हे, छापखान्यातल्या कुणाचा तरी. चेहऱ्याच्या जागी पाच-सहा ठिपके. त्यात कुणाची आजी ओळखू येणं शक्यच नव्हतं. पण बाह्या दिसत होत्या, खांद्याशी फुग्यासारख्या फुगलेल्या. अशा फुगीर बाह्यांचा भर १८९५ च्या आसपास होता. १९१० पर्यंत बाह्या सडपातळ झाल्या होत्या. खटका पहिला.

दुसरा खटका आल्बममध्येच लपलेला होता. अकराव्या पानावर ‘चांदण्यातलं ब्रे’ असं एक कार्ड होतं. गडद निळं आकाश, ढगाआडून पूर्ण चंद्र, खिडक्यांत पिवळा उजेड. मी ते दोनदा उलटून गेले होते. तिसऱ्यांदा कठड्याजवळ बसलेला एक काळा कुत्रा दिसला आणि हात थांबला. हा कुत्रा मी आधी पाहिला होता. तिसरं पान उघडलं. तोच कुत्रा, त्याच कठड्याशी, मान तशीच वळवलेली. आणि त्याच्यापुढे तीच बाई, तेच पाऊल उचललेलं, बाबागाडीसकट. फक्त झगा आता निळसर काळा, आणि ती भर मध्यरात्री लेकराला घेऊन समुद्रावर फिरत होती. दिवसाचा फोटो गडद करून वर चंद्र रंगवायचा, ही त्या काळची नेहमीची युक्ती. सावल्या मात्र कुणी हलवल्या नव्हत्या. चंद्र डोंगरावर आणि सावल्या सकाळच्या उन्हाच्या, समुद्राकडून उजवीकडे पडलेल्या.

एवढ्याने ती बाई आजींची आजी नाही हे सिद्ध होत नव्हतं. फक्त त्या चित्रावर रंगाचा, वेळेचा कशाचाच भरवसा धरता येत नाही, एवढं कळलं.

मग दोन कामं केली. पहिलं, नोंदी. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची घराघरांची पत्रकं राष्ट्रीय अभिलेखागाराने सगळ्यांना मोफत खुली केली आहेत, जुने विवाहदाखलेही बघता येतात. आजींच्या आजीचं लग्न १९०९ मधलं. २ एप्रिल १९११ च्या रात्री ती नवऱ्याबरोबर डब्लिन शहरात राहत होती. त्या जनगणनेत विवाहित बायकांना एक जास्तीचा प्रश्न होता : लग्नाला किती वर्षं, मुलं किती झाली, त्यांतली हयात किती. उत्तरात लिहिलं होतं, वर्षं एक, मूल एक, हयात एक. ते मूल म्हणजे आजींची आई, वय एकाच्या आतलं. असल्या रकान्यांत किती बायकांनी झाली सात आणि हयात तीन असं लिहून दिलं असेल, या विचाराने ते पत्रक मी लगेच बंद करू शकले नाही.

दुसरं काम नशिबाचं. डब्लिनमध्ये जुन्या कार्डांचा बाजार भरला होता, तिथे ब्रेच्या खोक्यात बोटं चालवता चालवता तोच कुत्रा पुन्हा समोर आला. हे कार्ड बिनरंगी, राखाडी. पाठीवर सातव्या एडवर्डचं हिरवं अर्ध्या पेनीचं तिकीट आणि ब्रेचा स्पष्ट गोल शिक्का : ऑगस्ट १९०५.

तिथे प्रश्न मिटला. आजींच्या आजीचं लग्न व्हायच्या चार वर्षं आधी ही बाई बाबागाडीसह टपालाने गेलेली होती. ती कुणी वेगळीच होती, आणि ती कोण हे आता कुणालाच कळणार नाही.

फुली

इथे माझ्या हातून जे होता होता राहिलं ते सांगायला हवं.

आजींना काय आणि कसं सांगायचं हे ठरत नव्हतं, म्हणून मी उरलेली कार्डं नोंदवायला घेतली. सातव्या पानावर ब्रे हेडवरून काढलेलं गावाचं दृश्य होतं. खाली अर्धवर्तुळ किनारा, एस्प्लनेडच्या आतल्या बाजूने स्ट्रँड रोडची सलग घरांची रांग, लांबवर स्टेशन. त्या घरांच्या छपरांवर आकाशाच्या कडेला एक करडा डाग होता. विक्रेत्याने ‘स्वच्छ करा’ म्हटलेलं डोक्यात होतं. मी मऊ खोडरबर घेतला आणि कडेने हलकेच फिरवलाही. मग सवयीने भिंग लावलं. डाग नव्हता. शिसपेन्सिलीने काढलेली फुली होती, एक पाय आता पुसट झालेली. तिच्या बरोबर खाली एका घराचं छप्पर.

मी रबर खाली ठेवला आणि काही वेळ हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले.

कार्ड चिरांतून सोडवून उलटलं. तिकीट नव्हतं, कुणा तिकिटं जमवणाऱ्या पोराने वाफेवर धरून सोडवलेलं असावं. जिथे तिकीट होतं तिथे फिका चौकोन, आणि चौकोनाबाहेर शिक्क्याची उरलेली कड : जुलै महिन्याची दोन अक्षरं आणि वर्षाच्या दोन आकड्यांतला पहिला, १. डावीकडे दाटीवाटीने मजकूर, इंग्रजीत. मराठीत त्याचा अर्थ एवढाच : “जिथे फुली आहे तिथे आम्ही उतरलोय. मंगळवारपासून पाऊस लागलाय. काल कार करून डार्गलला गेलो, एम. येताना सगळी वाट ओकत आली. आता बरी आहे. एस्प्लनेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतःच्या पायांनी चालते. पुढल्या खेपेला तू ये.” खाली आजींच्या आजीचं नाव. एम. म्हणजे आजींची आई. नावाचं आद्याक्षर जुळत होतं.

पत्ता डब्लिनचा, आजींच्या आजीच्या आईचा. म्हणजे आजींच्या पणजीचा.

मग मी आल्बममधली टपालातून आलेली सगळी कार्डं बाजूला काढली. सात निघाली. सातही तिच्याच नावावर. आणि एकदम आल्बमचं कोडं उलगडलं. ज्याला कार्डं येतात तो आल्बम लावतो, पाठवणारा नव्हे. घरात ज्याला पिढ्यानपिढ्या ‘आजीचा आल्बम’ म्हणत होते तो आजीच्या आईचा होता. लेक समुद्रावर गेली की तिथून येणारी कार्डं तिने लावली, आणि मधल्या जागा स्वतः विकत घेतलेल्या कोऱ्या कार्डांनी भरल्या. तिच्या नंतर तो लेकीकडे आला असणार. बाबागाडीचं कार्ड कोरं होतं, पाठीवर एक अक्षर नाही. माझा तर्क असा की नातीच्या जन्मानंतर तिने ते दुकानात पाहिलं आणि ‘ही अगदी आपल्या पोरीसारखी’ म्हणून घेतलं. पुढच्या पिढीत ‘सारखी’ गळलं. हा तर्कच आहे, नोंदीत मी तो तसाच वेगळा लिहिला.

‘कार’

भाच्याने मजकूर वाचून लगेच आक्षेप घेतला. कार करून डार्गलला गेले, म्हणजे मोटार. डब्लिनच्या साध्या कुटुंबाला १९११-१२ मध्ये मोटार कुठली परवडायला? म्हणजे कार्ड विशीच्या दशकातलं, आणि एम. म्हणजे आई नव्हे, तिच्यानंतरचं कुणी मूल.

आक्षेप चांगला होता. पण त्या काळच्या आयर्लंडात नुसतं ‘कार’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे यायची ती जाँटिंग कार. दोन चाकांची, एका घोड्याची, वर छप्पर नाही. आपल्या टांग्यात मागे बसणारा रस्त्याकडे तोंड करतो. इथे बसणारे दोन्ही बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून, चाकांच्या वर पाय सोडून बसत. तोंड शेताकडे, गाडी धावते पुढे, म्हणजे सगळा प्रवास आडवा. वळणाच्या रस्त्यावर हलणाऱ्या गाडीत आईच्या मांडीवर असं आडवं बसलेलं दोन वर्षांचं पोर ओकलं नाही तरच नवल. आल्बमच्या नवव्या पानावर डार्गलच्या फाटकाशी उभी असलेली अशीच गाडी आहे, चाबूक धरलेला गाडीवान आणि वर तिरपे बसलेले चार प्रवासी. भाच्यापुढे ते पान उघडलं.

तिकीट नसल्याने साल नेमकं सांगता येत नाही. शिक्क्यातला उरलेला १ फक्त १९१० चं दशक सांगतो. पोर चालतं आहे, म्हणजे १९११ च्या आधी नाही. कार्ड सॅक्सनीचं, म्हणजे छपाई युद्धाआधीची. दुकानात उरलेला माल मागाहून विकला गेला असेल, पण एम. चं वय बघता फार पुढे जाता येत नाही. पाच वर्षांच्या पोरीने एस्प्लनेडभर चालल्याचं कौतुक कोणती आई कळवेल? जुलै १९११ हा इकडच्या हवामानाच्या इतिहासात कडक उन्हाचा, कोरडा महिना म्हणून प्रसिद्ध आहे. ‘मंगळवारपासून पाऊस’ तिथे बसवायला जड जातं, अशक्य मात्र नाही. म्हणून मी नोंदीत लिहिलं : जुलै, १९११ ते १९१३, बहुधा १९१२.

सांगणं

आजींना मी आधी कुत्रा दाखवला. दोन्ही पानं शेजारी धरली, हातात भिंग दिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे ती नाही.” मी नाही म्हटलं. १९०५ चं कार्ड मी त्या दिवशी विकतच घेतलं होतं, तेही पुढे ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. त्यांना तेवढ्यातच पटलं होतं आणि ते त्यांना लागलं होतं. ८७ वर्षांच्या माणसाकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं मला वाटलं. आज पुन्हा वेळ आली तर मी फुलीचं कार्ड आधी दाखवेन.

ते मी मग दाखवलं. मजकूर बारीक आणि फिका, म्हणून मी मोठ्याने वाचला. ‘येताना सगळी वाट ओकत आली’ इथे पोचले आणि त्यांनी मला थांबवलं. परत वाच म्हणाल्या.

आल्बम फुटला नाही. भाच्यानेच विक्रेत्याला नको म्हणून कळवलं. आम्ही प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन केल्या, पानांचे क्रमांक टाकले, आणि कार्डं आहेत तिथेच, त्याच चिरांत परत बसवली. पारदर्शक पॉलिएस्टरची पाकिटं फक्त टपालातून आलेल्या सातांना केली, कारण त्यांच्या कडा उलायला लागल्या आहेत. माझ्या टिपा वेगळ्या कागदावर आहेत, कार्डांवर काही लिहिलेलं नाही. फुलीच्या नोंदीत ‘एक पाय रबराने पुसट झाला’ हेही तारखेसकट लिहिलं आहे, म्हणजे पुढे कुणी बघेल त्याला कळेल की तो मुळातच तसा नव्हता. १९०५ चं कार्ड मी आजींना दिलं. तिसऱ्या पानाच्या मागे पाकिटात ते ठेवलेलं आहे.

एप्रिलमध्ये एका कोरड्या सकाळी आम्ही दोघी स्ट्रँड रोडवर गेलो. माझ्या फोनवर कार्डाचं चित्र मोठं केलेलं. इंटरनॅशनल हॉटेल कार्डात लांबवर दिसतं, पण ते १९७४ मध्ये जळून गेलं, त्यामुळे त्याची खूण धरता येईना. रांगेच्या ब्रे हेडकडच्या टोकापासून धुराडी मोजत आलो. दोन ठिकाणी मोजणी चुकली, कारण मध्ये बांधकाम बदललं आहे. शेवटी एका घरापुढे थांबलो. तेच असेल किंवा शेजारचं, त्याहून नेमकं म्हणता येणार नाही. खिडक्या नव्या, दार नवं. आजी समोरच्या बाकावर बसल्या, समुद्राकडे पाठ करून, घराकडे तोंड करून.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “आई कधीच मागे बसायची नाही. ग्लेंडालॉखच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची पहिलीच सीट लागायची तिला. ती भरलेली असली की पुढची बस येईपर्यंत थांबायची, आम्हा सगळ्यांना थांबवायची. आम्ही लहानपणी किती चिडायचो तिच्यावर.”